कल्याणचा बिशप, येवल्याचं रेशीम आणि बायझंटाइनवाल्यांची जकात

कल्याणला सहाव्या शतकात एक ख्रिस्ती बिशप बसायचा आणि त्याची नेमणूक इराणातून व्हायची. हे मला शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणी सांगितलं नाही. आपण नाशिककर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो तेव्हा कल्याण म्हणजे दाराशी लोटालोटी आणि "चला चला, आत सरका", बास.

हे लिहून ठेवलंय कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने, साधारण इ.स. ५५० च्या सुमारास. त्याने गावाचं नाव कल्लियाना असं दिलंय आणि बहुतेक अभ्यासक म्हणतात की ते आपलं कल्याणच. तिथून तांबं, शिसवाचे ओंडके आणि कापड बाहेर जातं असंही तो सांगतो. गंमत म्हणजे हाच माणूस, तांबड्या समुद्रात जहाजातून फिरलेला, बंदरं पाहिलेला, पृथ्वी गोल आहे म्हणणाऱ्यांना वेड्यात काढतो, त्याचं म्हणणं की विश्व म्हणजे वर घुमटाकार झाकण असलेली एक मोठी पेटी, कारण बायबलातल्या पवित्र तंबूची रचना तशी आहे! धंद्यातली माहिती एक नंबर, भूगोल मात्र देवाच्या भरवशावर.

कॉस्मस ज्या राज्याचा प्रजाजन होता त्याला आज आपण बायझंटाइन साम्राज्य म्हणतो. ते स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवून घेत होते, भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. ३३० साली राजधानी झाली आणि १४५३ ला तुर्कांनी घेतली. मध्ये अकराशेपेक्षा जास्त वर्षं.

आता यांच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, की हे लोक धर्माचा काथ्याकूट करत बसले आणि बुडाले. मला हे पटत नाही. मी काही इतिहासवाली नाही, मी जीएसटी आणि इन्कमटॅक्सची कामं करते, सराफ बाजारातले काही आणि येवल्याचे दोन-तीन पैठणीवाले माझे जुने क्लायंट आहेत, त्यामुळे मला कुठल्याही राज्याचा हिशोब आधी दिसतो आणि देव नंतर. आणि या लोकांचा हिशोब बघितला तर ते बुडाले जकातीने. म्हणजे जकात माफ केल्याने.

पण काथ्याकूट होता हे मात्र खरं हं. चौथ्या शतकाच्या शेवटी ग्रेगरी नावाचे एक बिशप (न्यिसा गावचे) वैतागून सांगतात, की या शहरात मोड मागायला जा तर समोरचा माणूस पुत्र, म्हणजे ख्रिस्त, जन्मलेला की अजन्मा यावर प्रवचन झोडतो, पावाचा भाव विचारा तर उत्तर येतं की पिता, म्हणजे देव, मोठा आणि पुत्र त्याच्याखाली, आणि हमामखान्यात पाणी तापलं का विचारलं तर नोकर म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे गिऱ्हाईक उभं असताना दुकानदाराने भलत्याच विषयावर लेक्चर देणं ही काही फक्त आपली खोड नाही.

मग ४५१ साली बिशपांची परिषद भरली, ख्रिस्ताचं स्वरूप एक की दोन, देव आणि माणूस वेगवेगळे की एकजीव, यावर. निकाल लागला दोन. इजिप्त आणि सीरियातल्या पुष्कळ लोकांनी तो मानलाच नाही. सम्राट जस्टिनियन (५२७ ते ५६५) दोनवाल्यांचा, त्याची बायको थिओडोरा एकवाल्यांची, आणि बाईंनी त्या पंथाचे शेकडो साधू राजवाड्याच्या आवारात एका जुन्या महालात आणून ठेवले होते, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून. काही लोकांना तर तेव्हाच शंका होती की हे दोघं मिळून ठरवून करतात, दोन्हीकडचे लोक हातात राहावेत म्हणून. इथे कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते खणून ठेवलेत, त्या धुळीतून गाडी काढताना मला हेच आठवतं, वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तात, वादावादीनंतर पेशवाईत ही वाटणी झाली असं सांगतात, आणि दोन्हीकडे दुकानं चालतात. भांडण असलं म्हणून गाव बुडतंच असं नाही. तिथेही नाही बुडालं लगेच.

तर पैशाकडे येते.

कॉस्मसनेच एक किस्सा सांगितलाय. सोपात्रस नावाचा एक रोमन व्यापारी सिंहलद्वीपाला, म्हणजे श्रीलंकेला गेला, त्याच वेळी एक इराणी व्यापारीही तिथे. राजाने विचारलं, तुमच्यापैकी कुणाचा राजा मोठा? इराण्याने लगेच आमचाच, राजांचा राजा वगैरे. सोपात्रस गप्प. मग म्हणाला, दोन्ही राजे इथेच आहेत की, बघून घ्या, दोघांची नाणी मागवा. रोमन नाणं सोन्याचं, झळझळीत, छाप स्वच्छ. इराणी नाणं चांदीचं. राजाने दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि सोपात्रसला हत्तीवर बसवून नगारे वाजवत गावभर फिरवलं. आता सांगणारा रोमन बाजूचाच, त्यामुळे तिखटमीठ किती ते समजून घ्यायचं. पण नाण्याबद्दल तो खोटं बोलत नाहीये. ते सोन्याचं नाणं, सॉलिडस, कॉन्स्टंटाइन सम्राटाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला काढलं, एका रोमन पौंडात ७२, म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅम. त्याचं वजन २४ केरातियाचं धरलेलं, आपण आज २४ कॅरेट म्हणतो ते माप तिथूनच आलंय. आणि हे नाणं सातशे वर्षं जवळजवळ तसंच राहिलं. सातशे! ६९२ च्या सुमाराला दुसऱ्या जस्टिनियनने त्यावर दर्शनी बाजूला ख्रिस्ताचा चेहरा घातला आणि स्वतः मागच्या बाजूला गेला. म्हणजे सोन्याच्या शुद्धतेची हमी देवाच्या तोंडावर.

सराफ बाजारातल्या एका काकांना मी हे सांगितलं, ते हिशोबाच्या वह्या घेऊन आले होते तेव्हा. ते म्हणाले, "ताई, सातशे वर्षं कोणी घट धरली नाही? मग ते लोक एक तर लई प्रामाणिक, नाहीतर लई कडक." कडक, काका. पुढे येतंय.

आधी रेशीम. रेशीम चीनकडून यायचं आणि मधे बसलेले इराणी. जस्टिनियन आणि इराण यांची लढाई तर कायमचीच, म्हणजे शत्रूच्याच दुकानातून माल घ्यायचा आणि त्याच पैशाने त्याने आपल्यावर फौज आणायची. ५३१ च्या आसपास त्याने इथिओपियाच्या राजाकडे वकील पाठवले, तोही ख्रिस्तीच, म्हणून धर्मबंधू वगैरे भाषा. ऑफर अशी की तुम्ही भारतीय व्यापाऱ्यांकडून रेशीम उचला, आम्हाला विका, तुम्हालाही चार पैसे सुटतील आणि आमचा पैसा शत्रूकडे जाणार नाही. राजाने हो म्हटलं. पण जमलं नाही, कारण त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो त्याप्रमाणे भारतातून येणारी जहाजं ज्या बंदरांना लागायची तिथे इराणी व्यापारी आधीच हजर असायचे आणि आख्खा लॉट उचलायचे. संपलं. लासलगावला कांद्याच्या लिलावात कोण आधी बोली लावतो हे ज्याने पाहिलंय त्याला यात काही समजावून सांगायला नको.

मग साधारण ५५२ ला ती प्रसिद्ध गोष्ट. काही साधू जस्टिनियनकडे आले, म्हणाले आम्ही पूर्वेला राहून आलोय, रेशीम झाडाला लागत नाही, किडे करतात, किडे जिवंत आणता येत नाहीत पण अंडी आणता येतील. सम्राट म्हणाला आणा. गेले, अंडी आणली, आणि पोचल्यावर ती अंडी शेणात गाडून ऊब देऊन फोडली. अंडी पोकळ काठीत लपवून आणली हे दुसऱ्या एका लेखकाचं व्हर्जन, त्यात आणणारा एक इराणी माणूस आहे. मला ते शेणाचं जास्त खरं वाटतं, कारण असलं डिटेल कोणी उगाच रचत नाही.

पण त्याने लगेच सगळं सुटलं नाही, किडे वाढवायचे, तुतीची झाडं लावायची, यात पिढ्या जातात. आणि अंडी यायच्या आधीच्या काही वर्षांत सरकारने रेशमाचं काय केलं ते माझ्या आवडीचं आहे. प्रोकोपियसने चोरून लिहिलेल्या दुसऱ्या एका पुस्तकात हे आहे (तो जस्टिनियनवर खार खाऊन होता, सगळंच खरं मानायचं नाही). आधी भाव बांधला, एका पौंडाला ८ सोन्याची नाणी, त्याच्या वर नाही. व्यापाऱ्यांची खरेदीच त्याहून महाग, त्यामुळे त्यांनी धंदा सोडला, बैरुत आणि टायरची विणकर घरं बसली. मग खजिन्याच्या एका अधिकाऱ्याने रेशीम सरकारी केलं आणि साधा रंगवलेला माल एका औंसाला ६ नाणी, शाही जांभळा २४ च्या वर. जरा कॅल्क्युलेटर घ्या, १२ औंसांचा एक पौंड, सहा गुणिले बारा ७२, आणि ७२ नाणी म्हणजे बरोबर एक पौंड सोनं. म्हणजे रेशमाच्या भारोभार सोनं, शाही रंगाला चौपट. येवल्यात आज रेशीम बेंगलोरकडून येतं, जर सुरतेची, आणि मागावर बसलेला माणूस नारळी पदराचा एक वीत भरायला दिवस घालतो, तरी भाव ठरवताना गिऱ्हाईक घासाघीस करतंच. त्याला हा हिशोब सांगितला तर तो हसेल की रडेल माहीत नाही.

जांभळ्या रंगाचं रेशीम हे नुसतं कापड नव्हतंच. ते देवळात वेदीवर, सम्राटाच्या अंगावर, परक्या राजाला दिलेल्या भेटीत. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, सगळं ठरलेलं. आणि हे ठरवणारं जे पुस्तक आहे ना, त्यावर मी खरं म्हणजे आख्खी पोस्ट लिहू शकते. सम्राट सहावा लिओ याच्या नावावर, ९१२ च्या सुमाराचं, शहराच्या इपार्कने, म्हणजे नगरप्रमुखाने, कुठल्या धंद्यावर कसं लक्ष ठेवायचं याची नियमावली. नोटरी, सोनार, सराफ, रेशीमवाले पाच प्रकारचे, मेणबत्तीवाले, साबणवाले, किराणावाले, खाटीक, मासेवाले, पाववाले, दारूवाले.

सोनाराने एका वेळी एक पौंडापेक्षा जास्त सोनं घडवायला घ्यायचं नाही. काम घरी नाही, मुख्य रस्त्यावरच्या दुकानातच करायचं. कुणी बाई दागिने किंवा मोती विकायला आली तर इपार्कला कळवायचं, माल परदेशी जाऊ नये म्हणून. पाववाल्याला आणि त्याच्या जनावरालासुद्धा सरकारी वेठबिगार माफ, कारण पाव थांबला तर शहर पेटेल. किराणावाल्याने दुकान शहरात कुठेही टाकावं, लोकांना जवळ मिळावं म्हणून, पण त्याने अत्तर-मसाल्याच्या धंद्यात हात घालायचा नाही, आणि फरक कशावरून, तर जे ताजव्यात तोलतात ते अत्तरवाल्याचं, जे मोठ्या काट्यावर तोलतात ते किराणावाल्याचं. किती सोपं! जीएसटीत मालाचा प्रकार ठरवणाऱ्या एचएसएन कोडची आठ आकडी भानगड करण्यापेक्षा हे मला मान्य आहे. दारूवाल्याने रात्री ठरावीक तासाला दुकान बंद करून भट्टी विझवायची, नाहीतर लोक दिवसभर पितात ते रात्रभर पितील आणि मारामाऱ्या करतील, हे कारण चक्क लिहून दिलंय. वाइन कॅपिटल म्हणवणाऱ्या आपल्या गावाने नोंद घ्यावी. आणि नियम मोडला तर फटके, डोकं भादरणं, माल जप्त, हद्दपारी. काकांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "यापेक्षा आपली नोटीस बरी ताई, तारीख तरी वाढवून मिळते."

पण सगळ्यात लाडका नियम अत्तरवाल्यांचा. त्यांच्याकडे मिरी, दालचिनी, जटामांसी, कस्तुरी, ऊद, असला सगळा पूर्वेकडून आलेला माल. त्यांनी आपली टेबलं कुठे मांडायची? राजवाड्याच्या चाल्के नावाच्या दरवाज्यावर ख्रिस्ताची मूर्ती, म्हणजे चित्रप्रतिमा होती, तिथपासून मैलाच्या खांबापर्यंत, ओळीने. का, तर सुवास वर त्या प्रतिमेपर्यंत जावा आणि राजवाड्याच्या देवडीतही दरवळावा. पंचवटीत काळाराम मंदिराच्या बाहेर उदबत्तीवाले बसतात ते गिऱ्हाईक येतं म्हणून, इथे सरकारी नियमाने देवाला धूप, आणि धूप कोण देतंय तर मलबारची मिरी विकणारा. धर्म कुठे संपला, व्यापार कुठे सुरू झाला, हे दाखवता यायचं नाही.

आणि ती प्रतिमा काही साधीसुधी नाही. आठव्या-नवव्या शतकात या लोकांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते प्रतिमा पुजाव्या की नाही यावर. तिसऱ्या लिओ सम्राटाने ७२६ ला हीच चाल्केवरची प्रतिमा उतरवली आणि तिथून सुरुवात झाली, असं परंपरा सांगते, बायकांनी उतरवणाऱ्या माणसाला शिडीवरून खाली पाडून मारलं म्हणे. ७८७ ला प्रतिमा परत आल्या, ८१५ ला पुन्हा बंदी, ८४३ ला दुसऱ्या एका थिओडोराने, ही विधवा राणी, कायमच्या आणल्या. लझारोस नावाचा एक साधू चित्रकार होता, त्याचे हात तापल्या लोखंडाने जाळले होते असं सांगतात, आणि बंदी उठल्यावर चाल्केवर नवी प्रतिमा त्यानेच केली. प्रतिमेच्या बाजूने सगळ्यात भारी युक्तिवाद करणारा दमास्कसचा योहान मात्र खलिफाच्या राज्यात बसून लिहीत होता, त्यामुळे सम्राटाला त्याच्या केसालाही हात लावता आला नाही. त्याचं म्हणणं आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल, मान लाकडाला आणि रंगाला नाही, ज्याचं चित्र त्याला पोचतो. एवढं सगळं रामायण झाल्यावर त्या दाराखाली अत्तरवाले ताजवे घेऊन बसले होते. शंभर-सव्वाशे वर्षं प्रतिमेवरून भांडलेलं साम्राज्य दहाव्या शतकात सगळ्यात श्रीमंत होतं, हे "धर्माने बुडाले" म्हणणाऱ्यांनी कसं बसवायचं ते बसवावं.

मग गळती कुठून लागली? ९६८ साली लियुटप्रांड नावाचा इटलीतला बिशप वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. आधी ९४९ ला गेला होता तेव्हा सिंहासन छताकडे उचललं जातं, सोन्याचे सिंह डरकाळ्या फोडतात, झाडावर यंत्राचे पक्षी गातात हे सगळं बघून आला होता. या वेळी मात्र पाहुणचार वाईट, आणि जाताना कस्टमवाल्यांनी त्याचे पाच जांभळे कपडे काढून घेतले, हे निर्यातीला बंद. तो चिडून म्हणाला, आमच्याकडे असलं कापड तर दोन दमडीच्या वेश्या नेसतात, व्हेनिस आणि अमाल्फीचे व्यापारी आणून विकतात! रागात बोलला, पण माहिती कामाची आहे. इपार्कच्या नाकाखालून माल जात होता आणि नेणारं नाव व्हेनिस.

पुढचं भराभर सांगते कारण त्रास होतो. १०३४ ला चौथा मायकल गादीवर आला, सराफी करणाऱ्या घरातला, आणि सोन्याच्या नाण्यात भेसळ त्याच्याच काळात सुरू झाली (काका म्हणाले, "घरचाच भेदी"). १०८० च्या दशकापर्यंत नाण्यात सोनं नावापुरतं उरलं. त्यात १०८१ ला नॉर्मन लोकांनी हल्ला केला, नव्या सम्राटाकडे, आलेक्सिओसकडे, आरमार नाही. व्हेनिसने जहाजं दिली. बदल्यात १०८२ च्या फर्मानाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना साम्राज्यातल्या बहुतेक बंदरांत दहा टक्के जकात पूर्ण माफ, राजधानीत धक्के आणि दुकानं वर. पिसाला ११११ ला ४ टक्के, जिनोआला ११५५ ला ४ टक्के. आणि स्वतःचे ग्रीक व्यापारी? ते दहा टक्के भरतायत! घरच्या माणसाला फुल रेट आणि पाहुण्याला शून्य, असं रिटर्न माझ्याकडे आलं असतं तर मी पेन खाली ठेवला असता. आलेक्सिओसने १०९२ ला साडेवीस कॅरेटचं नवं नाणं काढून चलन सावरलं, मानलं पाहिजे, पण माफी दिली ती दिली. त्याच्या मुलाने ती चालू ठेवायला नकार दिला तर व्हेनिसने बेटं लुटली आणि ११२६ ला ती परत मंजूर करून घेतली. ११७१ च्या मार्चमध्ये नातवाने साम्राज्यभरातले व्हेनिसवाले एकाच दिवशी पकडून माल जप्त केला. ११८२ ला शहरात लॅटिन, म्हणजे इटलीकडच्या, लोकांची कत्तल झाली. आणि १२०४ ला क्रूसेडवाले, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेले पश्चिमेचे ख्रिस्ती, व्हेनिसच्या जहाजांतून आले आणि ख्रिस्ती लोकांनी जगातलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती शहर लुटलं. कांस्याचे पुतळे वितळवून नाणी पाडली. चार कांस्याचे घोडे व्हेनिसला गेले.

व्हेनिसने १२८४ ला स्वतःचं सोन्याचं नाणं काढलं, डुकाट, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध, आणि ते १७९७ पर्यंत तसंच ठेवलं, म्हणजे जो धडा कॉन्स्टँटिनोपलने विसरला तो यांनी पाठ केला. हेच नाणं पुढे मिरी आणि कापडाच्या बदल्यात आपल्या किनाऱ्याला आलं आणि आपल्याकडे त्याला पुतळी म्हणायला लागले, पुतळ्यांची माळ ती हीच. काकांकडे एक जुनी पुतळी आहे, तीवर एक माणूस उभा, एक गुडघ्यावर, मध्ये झेंड्याची काठी. उभा तो संत मार्क, गुडघ्यावरचा व्हेनिसचा प्रमुख. अक्षरं म्हणजे नुसत्या काड्या, त्यामुळे इथेच कुणी पाडलेली नक्कल असणार. काका इतकी वर्षं तिला राम आणि हनुमान समजत होते आणि मी सांगितल्यावरही समजतात.

आणि १३४३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या राणीने, सव्हॉयच्या अ‍ॅनाने, यादवी युद्धाला पैसा हवा म्हणून राजमुकुटाचे जडजवाहीर व्हेनिसकडे गहाण टाकले. ३०,००० पुतळ्यांना. १३४७ ला नव्या सम्राटाचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुटात काचेचे खडे होते आणि पंगतीला मातीची आणि कथिलाची भांडी. गहाण कधीच सुटलं नाही, नवा करार करायची वेळ आली की व्हेनिसवाले ती जुनी बाकी परत काढायचे.